धवल्याआधीचे सत्कार

नवीन पनवेलमध्ये हौशी फोटोग्राफरांचा एक क्लब आहे. निवृत्त इंजिनियर, बँकेतून लवकर बाहेर पडलेले दोघंतिघं, आयटीतली काही मुलं, आणि सगळ्यांच्या गळ्यात दुधीभोपळ्याएवढ्या लेन्स. रविवारी सकाळी ही मंडळी कर्नाळ्याला जातात, एका पक्ष्यामागे सगळे रांगेत उभे राहतात आणि दुपारी त्याच पक्ष्याचे तेच फोटो एकाच ग्रुपवर टाकून एकमेकांची पाठ थोपटतात. मध्यंतरी त्यांना पक्ष्यांचा कंटाळा आला, किंवा पक्ष्यांना त्यांचा. क्लबने ठरवलं, आता लाइव्ह कॉन्सर्ट शूट करायच्या. मार्गदर्शनाला मला बोलावलं.

मला बोलावायचं कारण एवढंच, की जुन्या पनवेलात वडिलांनी सुरू केलेला स्टुडिओ मी चालवते आणि गावात कुठेही माइक लागला की मी त्याच्यासमोर कॅमेरा घेऊन उभी असते. ऑर्केस्ट्रा, भजन स्पर्धा, उरुसातली कव्वाली, दिवाळी पहाट, हळदीतला बेंजो. पासपोर्ट फोटोंवर स्टुडिओ चालतो आणि गाण्याच्या फोटोंवर माझं डोकं.

एका निवृत्त इंजिनियर काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, एका कॉन्सर्टला किती फोटो काढावेत?" विचारलं आणि उत्तरही स्वतःच द्यायला लागले. यूट्यूबवरचा एक परदेशी माणूस म्हणतो म्हणे, मोजकेच काढा, प्रत्येक फोटो आधी मनात काढा. दुसरा म्हणतो, बटणावरचं बोट उचलूच नका, घरी जाऊन निवडा. काकांनी दोघांची सरासरी काढून ठेवली होती.

मी म्हटलं, "प्रमुख पाहुणे किती आहेत त्यावर अवलंबून आहे."

सगळे हसले. मी चहा येण्याआधी विनोद करत नाही, पण हे त्यांना कुठून माहीत असणार? पुढे तासभर मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. गाणाऱ्याचा फोटो 'आ'वर काढू नये, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा येतो. ओळ संपून श्वास घेतला जातो तिथे काढावा. माइक हनुवटीच्या रेषेत आला की गायकाला काळी दाढी फुटते, तेव्हा एक पाऊल बाजूला सरकावं. ढोलकीवाल्याचे हात कितीही काढले तरी हललेलेच येतात आणि तेच बरे दिसतात. बासरीवाला डोळे उघडतो तो फक्त नाक पुसायला. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. पाहुण्यांबद्दल मी बोलले ते मात्र कुणी लिहिलं नाही, आणि खरं उत्तर तर तेच होतं.

कारण आपल्याकडे कॉन्सर्ट असतोच कुठे? असतो तो सत्कार समारंभ. दोन सत्कारांच्या मध्ये शाली उलगडायला वेळ लागतो, तेवढ्यात प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून गाणं ठेवलेलं असतं.

सत्काराची रीत मी वर्षानुवर्षं भिंगातून बघत आले आहे. निवेदक नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं तो पहिल्या रांगेत बसलेला असूनही दचकतो, "मी कशाला?" असा चेहरा करतो आणि ताडकन उठतो. मंचावर शाल उघडली जाते, खांद्यावर अर्धी जाते, आणि तिथेच थांबते. देणारा थांबतो, घेणारा थांबतो, नारळ हवेत थांबतो. सगळे माझ्याकडे बघतात. मी बटण दाबेपर्यंत ती शाल खाली येत नाही. मग नारळ, मग पुष्पगुच्छ, मग स्मृतिचिन्ह. ते खोक्यातून काढायचं, छापील बाजू कॅमेऱ्याकडे करायची, पुन्हा थांबायचं. एकेकाचे चार मुक्काम. फ्लॅश पडला नाही तर सत्कार झाला असं आपल्याकडे धरत नाहीत. लग्नात अंतरपाट दूर होतो तसा इथे फ्लॅश पडतो. तो पडला की माणूस सन्मानित होतो आणि खाली येऊन शेजारच्याला विचारतो, "बरा आला असेल ना?"

म्हणजे बघा, गायकाला किती वेळ मिळणार हे गायकाच्या हातात नसतं, संयोजकाच्या नसतं, घड्याळाच्या तर अजिबातच नसतं. ते माझ्या तर्जनीत असतं. एवढी सत्ता पनवेलात दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही, आणि ती माझ्याकडे आहे हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते आगरी-कोळी गाण्यांच्या कार्यक्रमात. एक मंडळ आहे, ते दरवर्षी एका रविवारी सकाळी सभागृह घेऊन हा कार्यक्रम करतं. सकाळी दहा ते दीड. दीड वाजता सभागृह सोडावंच लागतं, कारण दुपारी नाटक असतं आणि नाटकाच्या सेटचा ट्रक एक वाजल्यापासून मागच्या दाराशी उभा राहून हॉर्न देतो. मंडळाचे सेक्रेटरी भले गृहस्थ. गावातला एकही माणूस दुखावू नये हे त्यांचं ध्येय, त्यामुळे सत्काराची यादी वर्षागणिक वाढते. ज्यांचा सत्कार झाला त्यांचा परत करावा लागतो, नाहीतर 'गेल्या वर्षी केलात, यंदा काय झालं?' असं होतं.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटचं नाव नेहमी एकाच आजींचं. त्या उरणजवळ मोरा बंदराच्या वरच्या कोळीवाड्यात राहतात. धवलारीण आहेत. आगरी-कोळ्यांच्या लग्नात मांडवात बसून धवले गाते ती धवलारीण. तिने देवांना बोलावल्याशिवाय, नवरानवरीच्या घराण्यांची नावं गाण्यात गुंफल्याशिवाय पूर्वी लग्न लागत नसे. आता हळदीला डीजे येतो आणि देवांना तो बोलावतोच, इतक्या जोरात की त्यांना यावंच लागत असेल. आजींना बोलावणी कमी झाली. मंडळ मात्र त्यांना दरवर्षी बोलावतं, कारण 'आपली लोककला' हे शब्द बॅनरवर शोभतात. दरवर्षी त्यांची पाळी येईपर्यंत सव्वा वाजलेला असतो. निवेदक म्हणतो, "आजी, वेळेअभावी दोन ओळी." आजी मान हलवून नाही म्हणतात, शाल घेतात आणि एसटीने उरणला परत जातात. हे मी ओळीने काही वर्षं पाहिलं आणि त्यांच्या शालीचे फोटोही काढले. छान आलेत.

मागच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी लवकर गेले होते. रंगपटात आजी एकट्याच बसल्या होत्या. लुगडं कडक, अंबाड्यात अबोली, मांडीवर रुमालाची गाठोडी. मला बघितल्यावर त्यांनी बोटाने जवळ बोलावलं.

"बाय, तू ती फोटोवाली ना? मना तुज्याशी बोलाचा हाय."

मी बसले. मला वाटलं, आधीचे फोटो मिळाले नाहीत अशी तक्रार असेल. तक्रारच होती, पण निराळी.

"तुज्यासारक्याच एका फोटोवाल्यानी माज्या नातवाच्या लग्नान धवला मदीच थांबवला. म्हने उजेड चालला. नवरानवरीला पाटावरून उटवला आन खाडीवर नेला फोटो काडाला. हलद आंगावर सुकली. मी तोंड उघडा ठेवून बसले."

कसले फोटो ते मला न सांगता कळलं. सूर्य बुडताना नवरदेव नवरीला उचलतो, दोघं क्षितिजाकडे बघतात आणि ड्रोन त्यांच्याकडे. माझ्याच धंद्यातली ती साथ आहे. वरच्या दर्जाच्या अल्बममध्ये असले चार तरी फोटो लागतातच.

"मग परत आल्यावर पूर्ण केलात का?"

"परत आली तवा डीजे लागला." त्यांनी गाठोडीवर हात ठेवला. "अर्दा धवला टाकाचा नाय, बाय. देवांना नावं घेऊन बोलावला, आन दार लावून घेतला, असा झाला तो. पोरं सुकान हायेत. पन माज्या जिवाला घोर हाय. आज दोगांना आनलंय, समोर बसवलंय. आज मी तो सगला गानार. पुरा व्हनार असंल तरच तोंड उघडीन."

"किती वेळ लागतो?"

"पानी उकलाला लागतं त्याच्याहून जास्ती, भात व्हयाला लागतं त्याच्याहून कमी."

म्हणजे वीसेक मिनिटं धरली मी. मग त्यांनी मला दम भरला. "आन तू मदी आलीस ना बत्ती मारत, त मी उटून जाईन."

मी शब्द दिला. देताना बरं वाटलं, मग बाहेर येऊन कार्यक्रमपत्रिका वाचली. सत्कारांची यादी पानाच्या मागच्या बाजूलाही होती.

खोटं कशाला बोलू, मला त्या आजींसाठी कळवळा आला त्याहून जास्त राग आला. आपल्याच धंद्यातल्या कुणीतरी मांडवातून नवरी उठवावी, आणि मी इतकी वर्षं त्यांच्या शालीवर फोकस करत बसावं. मी ठरवलं, आज आजी गाणार. नाटकाचा ट्रक हॉर्न देऊन देऊन बसला तरी.

पहिली युक्ती केली ती साधी आणि चुकीची. मला वाटलं, फोटो कमी काढले की वेळ वाचेल. प्रत्येक सत्काराला एकच, शालीचा. पहिले पाहुणे आले, मी एकदा बटण दाबलं आणि कॅमेरा खाली केला. पाहुणे हलले नाहीत. शाल हवेत तशीच. "आला का?" मी म्हटलं, आला. "बघा एकदा. डोळे मिटले असतील." त्यांचे डोळे चांगले उघडे होते, माझ्यावर रोखलेले. सेक्रेटरी मंचाच्या कडेला वाकून कुजबुजले, "ताई, सेफ्टीला अजून एक घ्या." मग पाहुण्यांनी शाल काढली, घडी घातली आणि पहिल्यापासून परत घेतली, कारण अर्धवट शालीत मजा येत नाही. दुसऱ्या पाहुण्यांनी पहिल्यांचं बघून स्वतःच थांबून विचारलं, "एकच काढला?" तिसऱ्यांनी मुलाला मंचावर बोलावलं, त्याच्याही मोबाइलवर एक असू दे म्हणून. एक फोटो म्हणजे अपमान, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चार जणांत अर्धा तास गेला.

मध्ये एक गाणं झालं. कोळी टोपी घातलेला तरुण गायक कानाला माइक लावून नाचला, आवाज मात्र पेनड्राइव्हमधून आला. तो वळला की आवाज वळत नव्हता. त्याचे मी तीनच फोटो काढले, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. कलाकारांचं बरं असतं.

गाणं चालू असताना मी विचार केला आणि उलटं करून बघायचं ठरवलं. पुढच्या सत्काराला शाल उघडायच्या आधीच बोट दाबून धरलं. खटखटखटखट. फ्लॅश हलक्या ताकदीवर लावला होता, तो दिवाळीतल्या लवंगीच्या माळेसारखा सुटला. पाहुणे चमकले, मग खुलले. दोन्ही बाजूंना मान वळवली, नारळ, गुच्छ, स्मृतिचिन्ह सगळं एका दमात उरकलं आणि भारावून खाली उतरले. आपल्यावर एवढा दारूगोळा खर्च झाला म्हणजे काहीतरी चांगलं आलंच असणार! कुणी विचारलं नाही, आला का.

तेव्हापासून माझं उत्तर पक्कं आहे. सत्काराला शेकड्याने काढावेत. जितके जास्त, तितका माणूस लवकर उतरतो. पुढचे सत्कार असे सुटले की शाली संपायला आल्या आणि सेक्रेटरी घड्याळ कानाला लावून बघायला लागले. एकदा मध्ये कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. मी फ्लॅश मारत राहिले, कॅमेऱ्यात काहीच जात नव्हतं. ज्या चार पाहुण्यांचा एकही फोटो निघाला नाही, त्यांच्याइतके समाधानी चेहरे मी त्या दिवशी दुसरे पाहिले नाहीत.

एक गृहस्थ मात्र मंचावर आलेच नाहीत. खुर्च्या आणि मांडव त्यांच्या दुकानातून आला होता. बाजारपेठेत त्यांचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. नाव पुकारलं तर बसल्या जागेवरून हात जोडून म्हणाले, "माझा राहू द्या. त्या उरणच्या खालांना गाऊ द्या, आम्ही दरसाल त्यांची शालच बघतो." सभागृहात टाळ्या पडल्या. सेक्रेटरींचा चेहरा पडला, कारण त्यांच्या शालीचं आता काय करायचं?

ती शाल माझ्या अंगावर आली. निवेदकाने घोषणा केली, "ज्या आपल्याला सतत टिपत असतात, त्या आपल्या फोटोवाल्या ताईंचा सत्कार." मी नको नको म्हणेपर्यंत मला मंचावर ओढलं. शाल माझ्या खांद्यावर अर्धी आली आणि थांबली. सगळे कॅमेऱ्याकडे बघायला लागले. कॅमेरा माझ्या गळ्यात. सेक्रेटरींनी इकडेतिकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. समोर शेकडो माणसं आणि फोटो काढायला कुणी नाही, आणि फोटो नाही म्हणून शाल खाली येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की तिथे उभं राहिल्यावर माणसाला खरंच काही सुचत नाही. शेवटी मीच कॅमेरा उलटा धरून हात लांब केला आणि स्वतःच्या तोंडावर फ्लॅश मारला. शाल खाली आली. मला दोन मिनिटं काही दिसत नव्हतं, पण सन्मानित झाल्यासारखं वाटलं हे कबूल केलं पाहिजे.

आजींचं नाव पुकारलं तेव्हा निवेदकाला स्वतःलाच खरं वाटलं नाही. "आजी, आज भरपूर वेळ आहे," असं तो म्हणाला आणि चारोळी म्हणणार होता, पण आजी तोवर मंचावर पोचल्या होत्या. खुर्ची नको म्हणाल्या, खाली बसल्या. रुमालाची गाठ सोडून तांदूळ समोर ठेवले. पहिल्या रांगेच्या टोकाला त्यांचा नातू आणि नातसून बसली होती. नातू बंदरावर नोकरीला, इस्त्रीचा शर्ट, बसण्याची ढब अशी की केव्हाही उठून जाता येईल. नातसून सरळ बसली होती.

आजींनी सुरुवात केली. वाद्य नाही, ताल नाही, एक लांब, खालच्या पट्टीतला, चिकट आवाज. कीबोर्डवाल्याने सूर शोधायला एक पट्टी दाबली, मग दुसरी, मग तिसरी, आणि हात मांडीवर ठेवले. पॅडवाल्याने ठेका धरायला काठी उचलली. आजींनी न थांबता त्याच्याकडे एकदा बघितलं. त्याने काठी खिशात घातली. आजी एकेका देवाला बोलावत होत्या, गावचा देव, वेशीवरचा, पाण्यातला, आणि प्रत्येकाला बसायला जागा सांगत होत्या. लोक चुळबुळले, मग गप्प झाले. मागे काही बायका ओठ हलवायला लागल्या. त्यांना येत होतं. मी कॅमेरा छातीशी धरून खांबाला टेकले. हातांना काम नसलं की ते किती जड असतात!

धवल्यात देव सगळे येऊन बसले, मांडव उभा राहिला, हळद दळून झाली, आणि मागचं मोठं दार उघडलं. उशिरा आलेले पाहुणे. असा एक पाहुणा प्रत्येक कार्यक्रमाला असतो. उशिरा येणं हेच त्याचं मोठेपण. बरोबर पांढऱ्या शर्टातले सातआठ जण. सेक्रेटरी धावत गेले, वाकले, हात धरून त्यांना मधल्या वाटेने मंचाकडे आणायला लागले. दुसऱ्या हाताने मला खुणा, या, या, फोटो. निवेदकाने माइक उचलला.

आजींनी ते बघितलं. चालू ओळ त्यांनी तोडली नाही, पण तिच्या शेवटी जो श्वास घ्यायचा तो घेतला आणि धरून ठेवला. त्यांची नजर माझ्यावर होती.

मी कॅमेऱ्याच्या पोटातली बॅटरी काढली आणि खिशात टाकली. सेक्रेटरी जवळ आले. मी हळूच म्हटलं, "बॅटरी गेली."

"आता?" त्यांचा आवाज चिरकला. "मग मोबाइलवर घेऊ."

तेवढ्यात पाहुणे स्वतःच म्हणाले, "मोबाइलचा नको. बॅनरवर फुटतो." मागच्या वाढदिवसाला त्यांचा चौकातला फोटो फुटला होता, ते मला आठवलं. नाकाच्या जागी चौकोन आले होते. "चार्ज होऊ दे. बसतो मी."

आणि बसले. पहिल्या रांगेत, मधोमध, हातात फोन, तोंडावर ऐकत असल्याचा भाव. पांढरे शर्ट मागे उभे राहिले. मी मंचाशेजारच्या प्लगला चार्जर लावला. त्यात बॅटरी नव्हती, ती माझ्या खिशात होती. सेक्रेटरी त्याच्याकडे इतक्या आशेने बघत होते की मला एक क्षण वाईट वाटलं.

आजींनी धरलेला श्वास सोडला आणि पुढची ओळ उचलली.

मागच्या दाराला ट्रकने हॉर्न दिला. सभागृहाचा व्यवस्थापक दारात येऊन मनगटावर बोट आपटत उभा राहिला. आजी नवऱ्याच्या घराण्यात शिरल्या होत्या. पणज्याचं नाव, आज्याचं नाव, स्वतःच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव, तिथे आवाज जरासा ओला झाला, पुन्हा सावरला. मग नवरीचं घराणं. मग दोघांची नावं एका ओळीत. ती ओळ त्यांनी तीनदा म्हटली. पहिल्या रांगेच्या टोकाला नातू आता उठून जायच्या तयारीत नव्हता. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून जमिनीकडे बघत होता.

धवला संपला. लोकांना कळायला वेळ लागला, कारण शेवटी मोठा सूर नव्हता, तान नव्हती, काम उरकल्यासारखा तो संपला. टाळ्यांच्या आधी आजी उठल्या होत्या. तांदूळ मुठीत घेऊन त्या पायऱ्या उतरल्या.

त्यानंतर मंचावर काय झालं ते थोडक्यात सांगते. बॅटरी चमत्कारासारखी चार्ज झाली. पाहुण्यांचा सत्कार झाला. मी बोट दाबून धरलं आणि सोडलंच नाही. त्यांच्या बॅनरसाठी त्यांना इतके फोटो मिळाले की निवडायला एक पांढरा शर्ट वेगळा नेमावा लागला असेल. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर सगळे पाहुणे आले, मी आले, तोंडावर फ्लॅश मारलेली. आजी नव्हत्या. सेक्रेटरींनी विचारलं, आजींचा एखादा गातानाचा असेल तर पाठवा, लोककला म्हणून वर टाकू. मी म्हटलं, नाही. ते हळहळले. "एवढं छान गायल्या, पण पुरावा काय?"

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी शेवटचा पाहुणा उतरल्यावर मी केबल गुंडाळत पहिल्या रांगेच्या टोकाशी बसले होते. सेटचे पडदे आत यायला लागले होते. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर आजी उभ्या होत्या, समोर नातू आणि नातसून. आजींनी दोघांच्या डोक्यावर तांदूळ ठेवले. नातसून पाया पडली. नातू तसाच उभा.

मग तो म्हणाला, "आजी, त्या दिवशी त्या फोटोवाल्यानी नाय थांबवला धवला." माझ्याकडे एकदा बघितलं, मी केबलकडे बघितलं. "मीच त्याला खूण केली होती. आवर म्हनून. पावने कंटालले होते, पोरं हसत होती."

आजींनी त्याच्या कपाळावर सांडलेला एक दाणा उचलून परत डोक्यावर ठेवला.

"ठाव हाय मना," त्या म्हणाल्या. "मी काय डोले मिटून गाईत होते? पन लोकांना तुजा नाव सांगू का?"